पाठीवरचं नाव आणि पावतीपुस्तक

आमच्या सातवीच्या वर्गात एकच पंखा होता आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर तांबड्या रंगात कुणाचं तरी नाव होतं, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. वीज गेली की नाव वाचता यायचं. वीज आली की नुसतं तांबडं कडं फिरायचं. ते गृहस्थ कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. पण एप्रिलातल्या परीक्षा त्यांच्याच वाऱ्यावर दिल्या, हे आता साठी उलटल्यावर लक्षात येतं.

मराठी माणसाला 'स्मरणार्थ' नव्याने शिकवायला नको. घाटाची पायरी, पाणपोई, स्टँडवरचं बाकडं, वाचनालयातलं कपाट, दहावीत गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला पाचशे एक रुपये, सगळीकडे तो आहेच. आमच्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला तर शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीसुद्धा समाधी आहे. एवढी स्मरणाची हौस असलेल्या गावात, गेलेल्या लेकराचं नाव पाठीवर लिहून कुणी आईबाप धावले आणि त्या निमित्ताने आजारी मुलांसाठी चार पैसे गोळा केले, तर नाकं का मुरडली जावीत?

मुरडली जातात. आमच्या पेठेतल्या पारावर मी स्वतः ऐकलेलं वाक्य असं: "पळून पोरगी परत येणार हाय का? आणि पैसे मागायचेत तर सरळ मागा की. घाट चढायचं नाटक कशाला?" बोलणारा माणूस वाईट नाही. ज्या मुलीबद्दल तो बोलत होता, तिला अंत्यसंस्कारासाठी माहुलीला नेलं तेव्हा तोच सगळ्यांच्या पुढे होता. पण त्याच्या वाक्यात दोन निराळे प्रश्न एकत्र कालवले गेलेत. बापाने का धावावं, हा एक. धावण्यापोटी जमलेल्या पैशांचं काय झालं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देणं बापावर बंधनकारक नाही. दुसऱ्याचं आहे, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत. आणि आपल्याकडे चालतं नेमकं उलटं. पहिल्याबद्दल आपण पारावर बसून जाब विचारतो, दुसऱ्याबद्दल 'दुःखातला माणूस, त्याला काय हिशोब विचारायचा' म्हणून गप्प बसतो.

मी हे लांबून बघून लिहीत नाही. ती मुलगी आमच्याच गल्लीतली, नऊ वर्षांची, रक्ताच्या कर्करोगाने गेली. पुढे तिचा बाप यवतेश्वरच्या घाटात धावला, आणि त्या निधीचा खजिनदार म्हणून मला धरला गेला. बँकेत बत्तीस वर्षं काढली आणि गणपती मंडळाची वही तेरा वर्षं लिहिली, एवढीच माझी पात्रता.

आधी धावण्याबद्दल.

मुलगी आजारी होती तेव्हा त्या माणसाची दोन वर्षं धावपळ चालली होती. शब्द साधा आहे, रोजचा आहे, पण त्यात शरीर किती आहे ते बघा. पहाटेची एसटी पकडून पुणे. रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभं राहणं. प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे आज मिळालेली पिशवी पुढच्या आठवड्याच्या कामाची नाही; पुन्हा दाता शोधा, पुन्हा पळा. योजनेचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. रात्री ताप चढला की गाडी. आणि मग एका सकाळी हे सगळं थांबलं. पायांना कुठे जायचंच उरलं नाही. त्याची बायको मला म्हणाली होती, "काका, हे पहाटे साडेचारला उठून बूट घालून दारात बसतात. जायचं कुठंच नसतं." त्या बुटांना एक दिवस रस्ता सापडला, आधी कुरणेश्वरापर्यंत, मग हळूहळू घाटापर्यंत. याला कुणी खूळ म्हणो. मला ती दोन वर्षांच्या धावपळीची उतरंड वाटते.

याच माणसाने स्वतःच्या वडिलांचे दहा दिवस केले होते. क्षौर, पिंड, नदीकाठी उभं राहून कावळ्याची वाट बघणं. त्या विधींवर कुणाचा विश्वास असो नसो, दुःखात बुडालेल्या माणसाच्या हाताला काम देण्याची ती जुनी युक्ती आहे, आणि ती चालते. लेकराच्या बाबतीत मात्र परंपरा हात आखडता घेते. दोन वर्षांखालच्या मुलाला अग्नी देऊ नये, पुरावं, असं धर्मशास्त्र सांगतं. त्याहून मोठ्या पण लहानच म्हणाव्या अशा मुलांची घरोघरी वेगळी रीत. सूर मात्र बहुतेक ठिकाणी एकच, लहान जीव, लवकर आटपा. पूर्वी घराघरातून मुलं जायची, प्रत्येकाचे दहा दिवस धरून बसले असते तर शेती कोणी केली असती? त्या काळाचा तो व्यवहार होता. आता काळ बदललाय. जन्म-मृत्यूंच्या २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार बाळांपैकी अठरा पाच वर्षांची होण्याआधी जातात. हा आकडाही लहान नाही, पण आजीच्या पिढीतलं 'आठ झाली, चार राहिली' आता कुठल्या घरात ऐकू येत नाही. म्हणजे मूल जाणं दुर्मीळ झालं, आणि म्हणूनच ज्यांचं जातं ते एकटे पडले. आजीला समजून घेणाऱ्या दहा बायका आळीत होत्या. या आईला कॉलनीत एकही नव्हती.

भाषेचंही तेच. मूल गेलेल्या आईबापांच्या दुःखाला आपल्याकडे शब्द नाही असं सरसकट म्हणतात, ते खरं नाही. 'पुत्रशोक' आहे. मुलगी गेली तर काय म्हणायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा बाप धावतो याचं स्पष्टीकरण मागू नये. आणि हे बाहेरून आलेलं फॅड आहे, असंही म्हणू नये. दरवर्षी आषाढाच्या तोंडावर माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्याच जिल्ह्यात येते, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, फलटणवरून पुढे जाते. त्या गर्दीत नवऱ्यासाठी, पोरासाठी, बोलून न दाखवता येणाऱ्या कशासाठी तरी चालणारी माणसं किती असतात? कुणाच्या पायांना फोड आले म्हणून आपण त्याला नाटकी म्हणत नाही, उलट पाय धरतो. शरीर झिजवून काहीतरी मागणं किंवा काहीतरी सोडून देणं हे आपल्या मातीतलं आहे.

बाहेरून आलंय ते दुसरंच. मी एवढे किलोमीटर धावतो, तुम्ही त्यापोटी एवढे रुपये द्या, हा करार. वारकऱ्याला कोणी किलोमीटरमागे पैसे देत नाही. या कराराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडातलं. टेरी फॉक्स या तरुणाचा हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला. रुग्णालयात शेजारी मुलं तळमळताना बघितली, ते त्याच्या डोक्यातून जाईना. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायावर तो देश ओलांडायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. मग कर्करोग फुप्फुसात निघाला आणि धाव थांबली. पुढच्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी, १९८१ मध्ये, लंडन मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्यातून आजवर सेवाभावी कामांसाठी १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. आपल्याकडे २००४ साली मुंबईची मॅरेथॉन आली आणि कुठल्या तरी संस्थेसाठी धावायचं, हे शब्द मराठी घरांत शिरले. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ पासूनची. (आपण पाच किलोमीटरच्या प्रभातफेरीलाही मॅरेथॉन म्हणतो. खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची, आणि यवतेश्वरचा घाट तिच्या निम्म्यात मनसोक्त घाम काढतो. तो भाग वेगळा.)

हा करार चालतो का? चालतो. ऑलिव्होला आणि शाफीर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली प्रयोग करून दाखवलं, की देण्यासाठी कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील तर माणसं उलट जास्त द्यायला तयार होतात. हे वाचून मला हसू आलं, कारण याचा पुरावा आपल्याकडे कितीतरी आधी पायी चालून गेला होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले विनोबा १९५१ साली पोचमपल्लीला भूदान घेऊन गावोगाव चालू लागले. गाडीतून उतरून जमीन मागणाऱ्याला कोणी वावर दिलं असतं? चालत आलेल्या म्हाताऱ्याला लोकांनी लाखो एकर लिहून दिले.

लिहून दिले. इथेच माझ्यातला कारकून जागा होतो. दानपत्रं भरमसाट झाली, पण पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादातली निघाली, आणि कितीतरी भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. विनोबांच्या पायांत खोट नव्हती. खोट मोजणीत होती, फेरफारात होती, ताब्यात होती. पाय दान आणतात. ते जमिनीवर उतरवायला तलाठी लागतो, आणि तलाठ्याचे फोटो कोणी काढत नाही.

आमच्या निधीचं पहिलं वर्ष असंच गेलं, आणि त्यात माझा स्वतःचा दोष मोठा आहे. पैसे बापाच्या मोबाइल नंबरवर येत होते. त्याच खात्यात त्याचा पगार, त्याच खात्यातून दुधाचं बिल. एखाद्या रात्री अकराशे रुपये यायचे, नाव नाही, गाव नाही. काहींनी रोख दिले, लिफाफ्यात, माझ्या हातात, भर लग्नात. आपण मंडळाच्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढतो, पावतीपुस्तक छापतो, विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लावतो. वर्गणीत पन्नास रुपये कमी दिसले तर सभेत खुर्च्या सरकतात. आणि इथे मुलीच्या नावाने लाखाच्या वर रक्कम जमली, तर पावतीपुस्तक नव्हतं. मला सुचलं नाही असं नाही. जीभ रेटली नाही. त्या माणसासमोर बसून 'सोळा तारखेचे पाचशे कुठले' हे कसं विचारायचं?

पुढची चूक त्याहून मोठी. पैशातून आम्ही एका रुग्णालयाला सिरिंज पंप दिला. थेंबाथेंबाने ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र, उपयोगाचंच. त्यावर मुलीच्या नावाची पितळी पट्टी. हार, पेढे, फोटो. सात-आठ महिन्यांनी काही कामाने तिथे गेलो तर पंप कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, पट्टी लखलखीत. ज्या सिस्टरला तो चालवता यायचा तिची बदली झाली होती. मी घरी येऊन कुणाला काही बोललो नाही. आजही बापाला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. तोही बोलला नाही. दोघेही एकमेकांना जपत होतो, आणि त्या जपण्यात तो पंप कपाटात पडून होता.

त्या दिवशी मला पंख्याची आठवण झाली. पंखा फिरत होता तोवर नाव वाचता येत नव्हतं. पंपावरचं नाव अगदी स्पष्ट वाचता येत होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही पद्धत बदलली, आणि माझा आग्रह आहे की असं काही करू बघणाऱ्या कुणीही पहिल्याच वर्षी बदलावी. पैसा आईबापांच्या खात्यात येता कामा नये. नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात यावा. गावात असा एखादा भला न्यास असतोच, नवा काढायची घाई नको. न्यासाला आयकर खात्याची मान्यता असेल तर देणगीवरच्या करवजावटीची पावतीही रीतसर मिळते, अर्थात दोन हजारांच्या वरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती वजावट नाहीच, हे आधी सांगून टाकावं म्हणजे मार्चमध्ये फोन येत नाहीत. आणि खजिनदार नात्यातला नको. हे सगळं बापावरच्या अविश्वासातून आलेलं नाही. कुणाला त्याच्याकडे हिशोब मागण्याची वेळच येऊ नये, म्हणून आहे. हिशोब आपसूक फळ्यावर लागत असेल तर बाप फक्त बाप राहतो.

यावर गुप्तदानवाले येतात. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, पावत्या कसल्या फाडता? माझं उत्तर असं, की देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा, खुशाल ठेवा. दान कुठे गेलं ते गुप्त ठेवायला कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

कुठे जावं, यावर मात्र आमच्यात खरं भांडण झालं. समितीतल्या बहुतेकांना 'काहीतरी दिसणारं' हवं होतं: वॉर्डाला रंग, भिंतीवर कार्टून, एखादं यंत्र. मी नकार देत राहिलो, आणि त्याला कारण आहे. मुलांमधल्या कर्करोगांत सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा, त्यातही एक ठरावीक प्रकार, आणि तो बरा होणारा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, कित्येक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. २०१८ साली त्यांनी उपक्रम सुरू केला, २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुलं वाचावीत म्हणून. औषधं तीच असताना एवढा फरक का? त्यांनी दिलेल्या कारणांत उशिरा निदान आहे, चुकीचं निदान आहे, आणि एक कारण असं आहे की ते वाचताना मला आमच्या जिल्ह्याचा नकाशाच दिसला: उपचार अर्धवट सोडणं.

या आजाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने फार कडक, पुढे गोळ्या आणि फेऱ्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात मूल खेळायला लागतं, केस येतात, आणि माण-खटावातल्या किंवा पाटणच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतला बाप मनाशी हिशोब मांडतो. प्रत्येक फेरीला दोघांचं भाडं, तिकडे राहणं, दोन दिवसांची मजुरी बुडणार, घरी दुसरं पोर शेजाऱ्यांकडे. पोर तर बरं दिसतंय. पुढच्या वेळी जाऊ. औषधाचे पैसे महात्मा फुले योजनेतून मिळतात, आता शिधापत्रिका असलेल्या सगळ्याच कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत; एसटीत आणि रेल्वेत कर्करुग्णांना सवलत आहे. पण बुडालेल्या मजुरीला कुठल्या योजनेत खाना नाही. आणि रात्री एक वाजता ताप आला तर? पांढऱ्या पेशी घसरलेल्या मुलाचा ताप साधा नसतो. तासाच्या हिशोबात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावं लागतं. १०८ ची गाडी जवळच्या दवाखान्यात नेते आणि ते तिचं काम ती करते; पण तिथल्या डॉक्टरांना या मुलाचा उपचार कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगणारा कागद आणि फोन लागतो, आणि पुढे पुण्यापर्यंत जायचं तर शंभरावर किलोमीटरचं भाडं रोख लागतं, त्याच मिनिटाला. तेवढे पैसे त्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर नसतात.

तेव्हा आमच्या वहीत आता जे खर्च आहेत ते फळ्यावर शोभणारे नाहीत. रात्रीच्या गाडीचं भाडं. थर्मामीटर, सात नग. दोन दिवसांची मजुरी. झेरॉक्स. एका आजीची पुण्यातल्या खोलीची तीन आठवड्यांची रक्कम. 'यावर नाव कुठं लिहायचं?' असं समितीतल्या एकाने विचारलं, आणि विचारणं चूक नव्हतं. मी त्याला लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांची आठवण करून दिली. साताऱ्यातल्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्या माउलीने दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. इमारतीसाठी नाही, पोरांच्या भाकरीसाठी. भाकरीवर पट्टी लावता येत नाही. तरी शंभर वर्षांनी रयतेतल्या पोराला ती भाकरी माहीत असते.

माझ्या मते पैशाहूनही मोठी गरज एका माणसाची आहे, अर्ज भरणाऱ्या माणसाची. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक. किती आईबापांना ते माहीत असतं? काउंटरवर 'खाट शिल्लक नाही' म्हटल्यावर कुणाकडे लेखी मागायचं, हे कोण सांगतं? निवृत्त तलाठी, निवृत्त शिक्षक, माझ्यासारखे निवृत्त बँकवाले गावात पोत्याने पडलेत. त्यांच्यातल्या एकाने आठवड्यातले दोन दिवस त्या काउंटरपाशी उभं राहणं, हे पंपापेक्षा जास्त जीव वाचवील असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. त्याला मॅरेथॉन लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित ते होत नाही.

आता खरा अवघड आक्षेप. एका तरुण मित्राने तो घेतला आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. तो म्हणाला, "काका, सरकारचं काम तुम्ही वर्गणीतून करता. उद्या सरकार म्हणेल, लोक धावतायत ना, धावू द्या." बरोबर आहे त्याचं. मूल वाचणं हे त्याच्या बापाच्या ओळखीपाळखीवर किंवा शेजारच्या बापाच्या मांड्यांच्या ताकदीवर अवलंबून असेल, तर ती लाजिरवाणी गोष्ट आहे. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासायची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून फिरते आहे. तिने एखाद्या पोराच्या अंगावरचे काळेनिळे डाग वेळेत हेरले, तर आमच्या शंभर किलोमीटरपेक्षा ते मोलाचं. पण ज्या रात्री ताप आलाय त्या रात्री मी त्या बापाला तत्त्व ऐकवू शकत नाही.

म्हणून वहीत मी एक रकाना वाढवला. तारीख, रक्कम, कशासाठी, आणि चौथा: 'हे कुणी द्यायला हवं होतं'. कधी तिथे योजनेचं नाव येतं, कधी रुग्णालयाचा निर्धन निधी, कधी 'कुणीच नाही', म्हणजे ज्याला अजून कायद्यात जागाच नाही असा खर्च. वर्षअखेरीला त्या रकान्याची बेरीज करून पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि धर्मादाय कार्यालयाला जातं. पोच मिळते. पहिल्या वर्षी पोचच मिळाली. दुसऱ्या वर्षी एका कार्यालयातून फोन आला, की तो निर्धन निधीचा अर्ज तुम्ही चुकीच्या नमुन्यात केला होता. मला आनंद झाला. कुणीतरी वाचलं होतं. वर्गणीने सरकारची सुटका होते की सरकारच्या नावे उधारी लिहिली जाते, हे त्या चौथ्या रकान्यावर ठरतं. नुसतं धावलं तर सुटका होते.

एक व्यवहारातली गोष्ट जाता जाता. पहिल्या उत्साहात आमच्याकडे 'आपण आपलीच स्मृतिदौड भरवू' अशी टूम निघाली होती. मी कागदावर मांडून दाखवलं: टी-शर्ट, पदकं, केळी, पाणी, मांडव, माइक, फ्लेक्स, रुग्णवाहिका, पाहुण्यांचे सत्कार. प्रवेशशुल्क तिथेच संपत होतं आणि आजारी मुलांच्या वाट्याला भाषण उरत होतं. भरलेल्या शर्यतीत जाऊन धावा. पोहे दुसऱ्यांना करू द्या.

तो धावला त्या सकाळी मी समर्थ मंदिरापाशी उभा होतो, पिशवीत ओआरएस आणि कोरडा टॉवेल घेऊन. भुरभुर पाऊस, वर घाटात धुकं. चढताना तो ठीक होता. उतरताना त्याची चाल बदलली होती. चढ दमवतो आणि उतार मांड्या फोडतो, हे धावणाऱ्यांना माहीत असतं, मला त्या दिवशी दिसलं. पाठीवरचं नाव भिजून अंगाला चिकटलं होतं, नीट वाचता येत नव्हतं. त्याने थांबून पाणी घेतलं आणि विचारलं, "काका, परवाच्या त्या गाडीवाल्याचे पैसे दिले का?"

दिले होते. पावती घरी होती.

आमच्यात एक वाद अजून मिटलेला नाही. निधीच्या पत्रकावर मुलीचा फोटो असावा का? बापाला नको आहे. आईला हवा आहे, आणि तोही आजारपणातला नको, दुसरीच्या स्नेहसंमेलनातला, कोळिणीच्या वेशातला. मी त्यात पडत नाही. तो त्या दोघांचा प्रश्न आहे. मी फक्त एका गोष्टीला आडवा पडलोय, की सध्या उपचार चालू असलेल्या कुठल्याही मुलाचा फोटो पत्रकावर येणार नाही, नळ्या लावलेला तर नाहीच. त्याचे आईबाप त्या अवस्थेत कशालाही हो म्हणतात. ते मूल उद्या पंधरा वर्षांचं होईल, शाळेत जाईल, आणि कुणीतरी मोबाइलवर तो फोटो काढून दाखवील. समितीतले दोघं म्हणतात, फोटोशिवाय पैसे कमी येतात. येतातच. या वर्षी आलेले कमी आहेत, आकडा फळ्यावर लावलाय, औषधांच्या दुकानाशेजारी. आईने निवडलेला फोटो पाकिटात घालून माझ्या वहीच्या शेवटच्या पानात ठेवलाय, पुढच्या बैठकीपर्यंत.